कोंबडीच्या पिल्लांचा जिवाणू संसर्गाला जनुकीय प्रतिसाद

कोंबडीच्या पिल्लांचा जिवाणू संसर्गाला जनुकीय प्रतिसाद म्हणजे रोगकारक जिवाणू शरीरात शिरल्यानंतर पिल्लाच्या पेशींमधील विशिष्ट जनुके कमीअधिक प्रमाणात कार्यान्वित होण्याची प्रक्रिया होय. जिवाणूची ओळख पटवणे, धोक्याचा संदेश इतर पेशींना देणे, भक्षक पेशींना संसर्गाच्या जागी बोलावणे, जिवाणूला पोषकद्रव्यांपासून वंचित ठेवणे आणि शेवटी दाह आटोक्यात आणणे ही या प्रतिसादाची मुख्य अंगे आहेत.

अंड्यातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही दिवस पिल्लाच्या आयुष्यातील सर्वाधिक जोखमीचे असतात. या काळात प्रतिपिंडे तयार करणारी यंत्रणा अपुरी असल्याने पिल्लाचे जगणे बहुतांशी जन्मजात प्रतिकारशक्तीच्या जनुकांवर अवलंबून असते. कुक्कुटपालकाचे नुकसान, अंडी व मांसातून माणसाला होणारी विषबाधा आणि प्रतिजैविकांचा अतिवापर हे तिन्ही प्रश्न या विषयाशी जोडलेले असल्यामुळे पशुवैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही क्षेत्रांत त्याचा अभ्यास होतो.

== पार्श्वभूमी ==

कोंबडीचे अंडे उबण्यास साधारण २१ दिवस लागतात. बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात अंड्यातील पिवळ्या बलकाचा उरलेला भाग असतो आणि तो पहिल्या आठवड्यात शोषला जातो. या बलकातून पिल्लाला आईकडून आलेली प्रतिपिंडे मिळतात. पक्ष्यांमधील या प्रतिपिंडांना आयजीवाय असे म्हणतात. आईला ज्या रोगांचा सामना करावा लागला किंवा ज्यांची लस दिली गेली, त्यांच्याविरुद्धचे हे तात्पुरते संरक्षण असते. काही आठवड्यांत ते ओसरते.

पिल्लाची स्वतःची यंत्रणा या काळात घडत असते. पक्ष्यांमध्ये सस्तन प्राण्यांतील न्यूट्रोफिल पेशींचे काम हेटेरोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी करतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लात या पेशींची जिवाणू गिळण्याची व मारण्याची क्षमता कमी असते आणि ती पुढील काही आठवड्यांत वाढत जाते. आतडेही जवळजवळ रिकामे असते. प्रौढ कोंबडीच्या आतड्यात स्थिरावलेले निरुपद्रवी सूक्ष्मजीव तेथे नसल्याने रोगकारक जिवाणूला स्पर्धा उरत नाही. त्यामुळे प्रौढ पक्ष्याला विशेष त्रास न देणारा जिवाणू एका दिवसाच्या पिल्लाला प्राणघातक ठरू शकतो.

== प्रमुख रोगकारक जिवाणू ==

* साल्मोनेला पुलोरम – यामुळे पुलोरम किंवा पांढरी हगवण हा रोग होतो. अमेरिकी शास्त्रज्ञ लिओ रेट्गर यांनी इ.स. १९०० च्या सुमारास त्याचे वर्णन केले. हा जिवाणू कोंबडीच्या अंडाशयातून थेट अंड्यात जातो, त्यामुळे पिल्लू जन्मतःच बाधित असू शकते.
* साल्मोनेला गॅलिनेरम – फाउल टायफॉइड या रोगाचे कारण. मोठ्या पक्ष्यांतही मर होते.
* साल्मोनेला एन्टेरिटिडिस आणि साल्मोनेला टायफिम्युरियम – लहान पिल्लांना आजारी पाडतात. मोठे पक्षी मात्र बहुधा लक्षणांशिवाय वाहक राहतात. माणसातील अन्नविषबाधेची ही महत्त्वाची कारणे आहेत.
* ई. कोलाय – पहिल्या आठवड्यात बेंबी व बलकपिशवीचा संसर्ग तसेच पुढे श्वसनमार्गातून पसरणारा कोलिबॅसिलोसिस घडवतो.
* कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी – कोंबडीच्या आतड्यात मोठ्या संख्येने राहतो. पक्ष्याला सहसा गंभीर आजार होत नाही, परंतु माणसाला अतिसार होतो.

== कोंबडीचा जनुकसंच ==

कोंबडीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. त्यांत काही मोठी गुणसूत्रे आणि अनेक अतिसूक्ष्म गुणसूत्रे आहेत. पाळीव कोंबडीचा पूर्वज असलेल्या लाल रानकोंबडीच्या जनुकसंचाचा आराखडा डिसेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षीवर्गातील आणि शेतीसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांतील हा पहिला उलगडलेला जनुकसंच होता. त्याची लांबी सुमारे १०० कोटी आधारजोड्या, म्हणजे मानवी जनुकसंचाच्या साधारण एक तृतीयांश असून त्यात २०,००० ते २३,००० जनुके असल्याचा अंदाज त्या वेळी वर्तवण्यात आला. या आराखड्यामुळे संसर्गाच्या वेळी एकाच वेळी हजारो जनुकांची हालचाल मोजणे शक्य झाले.

== जिवाणूची ओळख ==

पेशीच्या पृष्ठभागावर व आत असलेली ग्राही प्रथिने जिवाणूच्या ठरावीक घटकांना ओळखतात. त्यांतील टोल-सदृश ग्राही हा गट सर्वांत परिचित आहे. कोंबडीत असे दहा ग्राही आढळतात.

* टीएलआर४ – साल्मोनेला व ई. कोलाय यांच्या बाह्य आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड ओळखतो.
* टीएलआर५ – जिवाणूच्या शेपटीतील फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखतो.
* टीएलआर२१ – जिवाणूच्या डीएनएमधील विशिष्ट रचना ओळखतो. सस्तन प्राण्यांत हे काम टीएलआर९ करतो. कोंबडीत टीएलआर९ नाही.
* टीएलआर१५ – सस्तन प्राण्यांत न आढळणारा ग्राही. साल्मोनेलाच्या संसर्गानंतर पिल्लाच्या अंधनालात या जनुकाची सक्रियता वाढते. अंधनाल म्हणजे लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळील दोन बंद टोकांच्या नळ्या. साल्मोनेलाचे हे आवडते ठिकाण आहे.

ग्राहीला जिवाणूचा घटक चिकटला की पेशीत संदेशांची साखळी सुरू होते. तिच्या शेवटी एनएफ-कप्पा-बी हे नियंत्रक प्रथिन केंद्रकात जाते आणि दाहाशी संबंधित जनुके सुरू करते.

== प्रतिसादाचे टप्पे ==

=== संदेश आणि पेशींचे आगमन ===

पहिल्या काही तासांत इंटरल्यूकिन-१ बीटा व इंटरल्यूकिन-६ ही दाह वाढवणारी सायटोकाइने आणि सीएक्ससीएलआय१ व सीएक्ससीएलआय२ ही पेशींना आकर्षित करणारी प्रथिने यांची जनुके सक्रिय होतात. त्यामुळे रक्तातील हेटेरोफिल पेशी आतड्याच्या अस्तराकडे धाव घेतात. यकृत तीव्र-अवस्था प्रथिने तयार करू लागते. पिल्लू मरगळते, पिसे फुलवून बसते, खाणे कमी करते. कुक्कुटपालकाला दिसणारी ही लक्षणे जिवाणूच्या विषाइतकीच या संदेशांचीही परिणती असते.

=== जिवाणू मारणारी अस्त्रे ===

मॅक्रोफेज या भक्षक पेशींत एनओएस२ हे जनुक सुरू होते आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होते. ते गिळलेल्या जिवाणूला इजा करते. हेटेरोफिल पेशींत मायलोपेरॉक्सिडेज हे विकर नसते. त्यामुळे त्यांना जिवाणू मारण्यासाठी आपल्या कणिकांतील प्रतिजैविक प्रथिनांवर अधिक विसंबावे लागते. यात बीटा-डिफेन्सिन व कॅथेलिसिडिन हे दोन गट प्रमुख आहेत. कोंबडीत बीटा-डिफेन्सिनची १४ जनुके तिसऱ्या गुणसूत्रावर एकत्र आढळतात, तर कॅथेलिसिडिनची जनुके चार आहेत. ही लहान प्रथिने जिवाणूच्या पटलाला भोके पाडतात.

=== पोषण तोडणे ===

वाढीसाठी जिवाणूला लोह, जस्त व जीवनसत्त्वे लागतात. संसर्गाच्या काळात पिल्लाच्या आतड्यात या पदार्थांवर ताबा ठेवणारी अनेक जनुके जोमाने सक्रिय होतात. एक्स-एफएबीपी हे प्रथिन जिवाणूने लोह मिळवण्यासाठी सोडलेले लोहग्राही रेणू पकडून ठेवते. एमआरपी१२६ हे प्रथिन जस्तासारखे धातू बांधते. अंड्याच्या पांढऱ्या बलकातील म्हणून ओळखले जाणारे ॲव्हिडिन हे प्रथिन दाह झालेल्या ऊतींतही तयार होते आणि बायोटिन हे जीवनसत्त्व घट्ट धरून ठेवते. आयआरजी१ या जनुकामुळे तयार होणारे इटाकोनिक आम्ल जिवाणूच्या चयापचयातील एक महत्त्वाची पायरी बंद करते.

=== शमन ===

दाह लांबल्यास पिल्लाच्या स्वतःच्या ऊतींचे नुकसान होते आणि वाढीसाठी लागणारी ऊर्जा खर्च होते. म्हणून इंटरल्यूकिन-१० सारखी दाह शमवणारी जनुकेही पुढे सक्रिय होतात. जिवाणू पूर्ण नष्ट होण्याआधीच शमनाचा भाग वरचढ झाला, तर पक्षी बरा दिसतो पण वाहक राहतो.

== अर्जित प्रतिकारशक्ती ==

कोंबडीच्या गुदद्वाराजवळ फॅब्रिशियसची पिशवी किंवा बर्सा हे अवयव असतो. त्याचे कार्य अपघाताने उलगडले. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक यांनी बर्सा काढलेल्या काही कोंबड्या प्रात्यक्षिकासाठी वापरण्यात आल्या. साल्मोनेलाचे प्रतिजन टोचूनही त्यांच्यात प्रतिपिंडे तयार झाली नाहीत. हे निरीक्षण १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींचा उगम समजण्यास त्याची मोठी मदत झाली. या पेशींच्या ‘बी पेशी’ या नावातील ‘बी’ हे अक्षर बर्सावरून आले आहे.

बर्सामध्ये बी पेशी आपल्या प्रतिपिंड-जनुकांत विविधता आणतात. त्यासाठी कोंबडीत जनुक-रूपांतरण ही पद्धत वापरली जाते. शेजारच्या निष्क्रिय जनुकांचे तुकडे कार्यरत जनुकात नकलले जातात. ही प्रक्रिया पूर्ण होण्यास वेळ लागतो. पहिल्या आठवड्यातील संसर्गाला म्हणूनच जन्मजात प्रतिसादावर भागवावे लागते. गम्बोरो रोगाचा विषाणू बर्साचेच नुकसान करतो. त्यातून वाचलेली पिल्ले पुढे ई. कोलायसारख्या जिवाणूंना सहज बळी पडतात.

== जिवाणूंच्या बचावाच्या रीती ==

पुलोरम आणि गॅलिनेरम या दोन्ही जिवाणूंना शेपटी नसते. त्यामुळे टीएलआर५ त्यांना ओळखू शकत नाही. आतड्यात फारसा दाह न होता ते आत शिरतात आणि मॅक्रोफेजच्या पोटात बसून यकृत व प्लीहेपर्यंत पोहोचतात. याउलट एन्टेरिटिडिस व टायफिम्युरियम यांना शेपटी असते. त्यांच्यामुळे आतड्यात तीव्र दाह होतो, पण त्याच दाहामुळे मोठ्या पक्ष्यात संसर्ग बहुधा आतड्यापुरता मर्यादित राहतो. प्रयोगात टायफिम्युरियमची शेपटी जनुकीय बदलाने काढून टाकल्यावर तो पिल्लाच्या शरीरात अधिक सहजतेने पसरला.

पुलोरममधून वाचलेल्या मादीच्या प्लीहेत जिवाणू अनेक महिने दडून राहू शकतो. ती अंडी घालण्याच्या वयात आली की तो पुन्हा वाढतो, अंडाशयात जातो आणि पुढील पिढीच्या पिल्लांत उतरतो. एका बाधित मादीमुळे उबवणी यंत्रातील संपूर्ण तुकडी दूषित होऊ शकते.

== जातींमधील आनुवंशिक फरक ==

एकाच मात्रेचा संसर्ग दिला तरी सर्व पिल्ले सारखी आजारी पडत नाहीत. प्रतिकारक्षम व संवेदनशील वंशांच्या तुलनेतून या फरकाशी निगडित काही जनुके सापडली आहेत.

* एसएलसी११ए१ – पूर्वीचे नाव एनआरएएमपी१. भक्षक पेशीने जिवाणू गिळल्यावर त्या कप्प्यातून धातूंचे आयन बाहेर काढणारे प्रथिन तयार करते.
* टीएलआर४ – या जनुकातील फरक टायफिम्युरियमच्या संसर्गात पिल्ले जगण्याशी निगडित आढळले.
* सॅल१ – पाचव्या गुणसूत्रावरील स्थान. २००१ मध्ये त्याचे वर्णन झाले. या स्थानाचे प्रतिकारक्षम रूप असलेल्या पक्ष्यांचे मॅक्रोफेज साल्मोनेला अधिक प्रभावीपणे नष्ट करतात.
* प्रमुख ऊतिसंगती संकुल – सोळाव्या गुणसूत्रावर असून प्रतिजन टी पेशींसमोर मांडणारी प्रथिने घडवते. कोंबडीत ते मानवाच्या तुलनेने फारच आटोपशीर असते.

अमेरिकेत ब्रॉयलरच्या वंशांवर झालेल्या अभ्यासांत प्रतिकारक्षम पिल्लांच्या हेटेरोफिल पेशी पहिल्या दिवसापासूनच दाहजनक सायटोकाइनांची जनुके अधिक जोमाने सक्रिय करतात असे दिसून आले. लवकर व जोरदार सुरुवात आणि वेळेवर शमन हे प्रतिकारक्षम पिल्लाचे लक्षण मानले जाते. प्रतिकारक्षमता मात्र एखाद्याच जनुकावर अवलंबून नसते, आणि एका जिवाणूला दाद न देणारा वंश दुसऱ्या जिवाणूला किंवा विषाणूला तसाच तोंड देईल असे नाही.

== आतड्यातील सूक्ष्मजीवांची भूमिका ==

फिनलंडमधील एस्को नुर्मी व एम. रंताला यांनी १९७३ मध्ये दाखवले की, प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील निरोगी सूक्ष्मजीव नवजात पिल्लाला पाजले, तर साल्मोनेलाला आतड्यात ठाण मांडता येत नाही. या पद्धतीला स्पर्धात्मक प्रतिबंध असे म्हणतात. हे सूक्ष्मजीव जागा व अन्न व्यापतात. शिवाय आतड्याच्या अस्तरातील प्रतिकाराशी संबंधित जनुकांच्या परिपक्वतेलाही चालना देतात.

यंत्रात उबवलेल्या पिल्लाचा आईशी कधीच संबंध येत नाही. खुडूक कोंबडीखाली निघालेली पिल्ले मात्र आईच्या मागे उकिरडा उकरत तिच्या आतड्यातील सूक्ष्मजीव पहिल्याच दिवसापासून घेतात. आई निरोगी असेल तर हा लाभ ठरतो. ती वाहक असेल तर रोगही याच मार्गाने येतो.

== अभ्यासपद्धती ==

प्रयोगात ठरावीक वयाच्या पिल्लांना तोंडावाटे मोजून जिवाणू दिले जातात आणि ठरावीक अंतराने अंधनाल, यकृत, प्लीहा यांचे नमुने घेतले जातात. संसर्ग न दिलेला तुलनागट आवश्यक असतो. एखाद्या निवडक जनुकाचा संदेशवाहक आरएनए मोजण्यासाठी आरटी-पीसीआर, अनेक जनुकांसाठी पूर्वी मायक्रोॲरे आणि आता आरएनए क्रमवाचन या पद्धती वापरतात.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी लागते. संसर्ग झालेल्या ऊतीत नव्या पेशी बाहेरून येतात, त्यामुळे एखाद्या जनुकाचा आरएनए वाढलेला दिसला तरी त्याचे कारण पेशीतील सक्रियता आहे की पेशींची बदललेली संख्या, हे वेगळे तपासावे लागते. तसेच आरएनए वाढला म्हणजे प्रथिन त्याच प्रमाणात वाढतेच असे नाही.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==

महाराष्ट्रात पुणे हे संघटित कुक्कुटव्यवसायाचे मोठे केंद्र आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्यालय तेथे आहे. दुसरीकडे खेड्यापाड्यांत व शहरांच्या कडेला परसातील कुक्कुटपालन चालते आणि त्याची जबाबदारी बहुधा घरातील स्त्रियांवर असते. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर व कोल्हापूर येथे आहेत. परसातील पालनासाठी गिरिराज, वनराज, कडकनाथ अशा जाती प्रचलित आहेत. त्यांपैकी वनराज हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने, तर गिरिराज बंगळूर येथे विकसित करण्यात आली.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात गुरुवारी भरणाऱ्या आठवडी बाजारासारख्या ठिकाणी निरनिराळ्या गावांतील जनावरे व पक्षी एकत्र येतात. वरकरणी निरोगी दिसणारी वाहक कोंबडी अशा वेळी संसर्ग एका कळपातून दुसऱ्या कळपात नेऊ शकते. म्हणून विकत आणलेले पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवण्याचा सल्ला दिला जातो. मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. उष्णतेच्या ताणात पक्ष्यांच्या शरीरात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि प्रतिकाराशी संबंधित जनुकांचा प्रतिसाद मंदावतो. उलट पहिल्या आठवड्यात ब्रूडरखालील तापमान सुमारे ३५ अंशांवरून बरेच घसरले, तर गारठलेली पिल्ले एकावर एक चढतात, बलक नीट शोषला जात नाही आणि बेंबीचा संसर्ग बळावतो.

राज्यातील पशुवैद्यकीय शिक्षण व संशोधन नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १८८६) आणि मराठवाड्यातील परभणी व उदगीर येथील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. रोगनिदानासाठी पुण्यातील औंध येथे रोग अन्वेषण विभाग आहे. देशपातळीवर इज्जतनगर येथे केंद्रीय पक्षी संशोधन संस्था कार्यरत आहे.

== उपयोग ==

; पैदास : प्रतिकाराशी निगडित जनुकचिन्हे पाहून पैदाशीचे पक्षी निवडता येतात. मात्र जलद वजनवाढीसाठी केलेली निवड आणि रोगप्रतिकार यांत ऊर्जेची ओढाताण असल्याने दोन्ही गुणांचा समतोल राखावा लागतो.

; लसीकरण : कमजोर केलेल्या साल्मोनेलाची जिवंत लस आतड्यातील जन्मजात प्रतिसादालाही चालना देते. ब्रिटनमध्ये १९९८ पासून लायन योजनेखाली अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे साल्मोनेलाविरुद्ध लसीकरण होऊ लागल्यावर माणसांतील एन्टेरिटिडिसच्या संसर्गात मोठी घट झाली.

; प्रतिजैविकांना पर्याय : वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळल्याने औषधांना न जुमानणारे जिवाणू निर्माण होतात. युरोपीय संघाने अशा वापरावर १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. भारतात कोलिस्टिन या माणसासाठी अखेरच्या टप्प्यात राखून ठेवलेल्या औषधाचा खाद्यप्राण्यांतील वापर जुलै २०१९ मध्ये प्रतिबंधित करण्यात आला. प्रोबायोटिक, सेंद्रिय आम्ले व वनस्पतिजन्य पूरके यांचा पिल्लांच्या जनुकीय प्रतिसादावर होणारा परिणाम तपासणे हे यामुळे संशोधनाचे महत्त्वाचे क्षेत्र बनले आहे.

; रोगमुक्त पैदास कळप : पुलोरमच्या बाबतीत आनुवंशिक निवडीपेक्षा रक्तचाचणी करून वाहक पक्षी काढून टाकण्याचा मार्ग अधिक परिणामकारक ठरला. अमेरिकेत १९३५ पासून राबवलेल्या राष्ट्रीय कुक्कुट सुधारणा योजनेने व्यावसायिक कळपांतून हा रोग जवळजवळ हद्दपार केला.

प्रतिकारक्षम वंश हा स्वच्छतेला पर्याय नाही. जिवाणूंची मात्रा फार मोठी असेल, तर उत्तम आनुवंशिक गुणांचे पिल्लूही आजारी पडते. स्वच्छ अंडी, निर्जंतुक उबवणी यंत्र, कोरडी गादी, शुद्ध पाणी आणि पहिल्या आठवड्यातील योग्य ऊब यांमुळे जनुकीय प्रतिसादाला परिपक्व होण्यासाठी आवश्यक वेळ मिळतो.

== हे सुद्धा पहा ==

* कुक्कुटपालन
* साल्मोनेला
* राणीखेत रोग
* प्रतिजैविक प्रतिरोध
* लाल रानकोंबडी